टोचणी

आळशी म्हणाले मी त्याला.
हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं.
भर बाजारात म्हणाले, कसाव्याच्या पिठाची टोपली डोक्यावर,
आणि तो होडीत बसल्या बसल्या पेंगत होता,
बांबू पाण्यात, हनुवटी छातीवर,
क्वीलू नदी त्याला हळूहळू खाली नेत होती,
पलीकडच्या काठावरची गिऱ्हाईकं हाका मारून मारून
शेवटी शिव्यांवर आली होती.

झोपलेल्याला उठवता येतं,
सोंग घेतलेल्याला नाही, म्हणतात.
मी सोंग समजले.
कारण रात्री हाच माणूस टक्क जागा असायचा,
अंगणात फेऱ्या मारायचा, कोंबड्यांशी भांडायचा,
एकदा तर मेलेल्या भावाकडं
तंबाखू मागताना ऐकलं मी त्याला.
दिवसा मात्र घास तोंडात, आणि चावायचं विसरलेला.
घास गालात तसाच,
पोरानं लपवलेल्या गोटीसारखा.

सासू म्हणाली, कुणीतरी केलंय.
पाद्री म्हणाला, ताडाची दारू.
मी माझा जुनाच शब्द वापरत राहिले.

माशी कुणालाच आठवली नाही.
काठावरच्या सावलीत माश्या असायच्याच,
चावली की फटका मारायचा,
आणि बोलणं पुढं चालू.
त्याच्या मानेमागच्या गाठी वर्षभर आधीच
तेल चोळताना माझ्या हाताला लागल्या होत्या.
ओझ्याच्या असतील, म्हटलं.

मग तो बुडाला. पाण्यात नाही.
चटईवर, दुपारी, माझ्या देखत.
मायाला, मायाला, अशी हाक मारली तर पापणी हलायची,
तळातून एखादा बुडबुडा यावा तशी,
आणि पुन्हा वरचं पाणी सपाट.
लुझोलो, आमची धाकटी, त्याच्या उघड्या तळहातावर
रोज सकाळी शेंगदाणे ठेवायची.
संध्याकाळी मोजायची. तेवढेच.

मोटारसायकलवरून न्सोना नावाची परिचारिका आली.
तिनं बोट टोचलं, मग पाठीच्या कण्यात सुई घातली,
पाण्यासारखा थेंब काचेवर घेतला
आणि मला भिंगातून पाहायला लावलं.
काहीतरी वळवळत होतं.
"हे जागे आहेत," एवढंच म्हणाली.

होडी विकली.
औषध फुकट होतं, पण दवाखाना दोन दिवस लांब,
आणि तिथं ज्याचं त्यानं शिजवायचं.
सात दिवस सलाईन, दहा दिवस गोळ्या,
गोळीआधी पोटात अन्न हवंच.
तेव्हा मी जबडा हातानं हलवायचे,
घसा चोळायचे, वाट पाहायचे.
गिळ. गिळ रे. आळ...
ओठांवर आलेला तो शब्द मीच गिळला.

जाग झटकन आली नाही.
आधी ओकला. मग शिवी दिली, सलाईनच्या दांडीला.
पाचव्या दिवशी, मी त्याचं तोंड पुसत असताना,
"मीठ कमी आहे," म्हणाला.
सात महिन्यांनी नवरा बोलला, आणि हे बोलला.
मी व्हरांड्यात जाऊन बसले.
न्सोना विचारत होती काय झालं, काय झालं,
आणि मी नुसतीच मीठ, मीठ म्हणत होते.

घरी आल्यावर तो नदीवर जाऊन आला.
होडीचं विचारलं नाही.
पोरीपुढं तळहात धरला, उघडा,
आणि ती देईपर्यंत तसाच धरून बसला.
शेंगदाण्यांचं त्याला कुणी सांगितलं होतं?
मी तर नाही.

आता तो रात्री झोपतो, चारचौघांसारखा, घोरतो.
माझा डोळा लागत नाही.
घोरणं थांबलं की अंधारात
बोट खुपसते त्याच्या बरगडीत.
"काय गं?" वैतागतो. "झोपू दे की."
झोप, म्हणते.
आणि थोड्या वेळानं पुन्हा.